‘आमचा मुलगा तसला नाही’ हे वाक्य अर्जातून काढा

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही तुर्भे स्टोअरला राहतो. जातीने वडार. सासरे खाणीवर होते, आमचे हे आता डंपर चालवतात. घरात वडारी बोलतो. धाकटा तिसरीत आहे. गेल्या महिन्यात बाईंनी शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, याचं डोकं चालत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, विचारलं तर गप्प बसतो, याला स्पेशल शाळेत घाला. वर असंही म्हणाल्या, ‘खाणीवरची पोरं अशीच असतात.’ वर्गातल्या तिघांना असं सांगितलंय आणि तिघंही आमच्याच वस्तीतली आहेत. त्या दिवशी माझ्याबरोबर नणंद आणि तिची मुलगी होती. भाचीला डाउन सिंड्रोम आहे. चौदा वर्षांची आहे, वाशीला पालिकेच्या ईटीसी केंद्रात, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षण केंद्रात जाते. मला राग आवरला नाही. भाचीकडे हात करून मी बोलून गेले, ‘माझा पोरगा काही असला नाहीये!’ नणंदेनं मुलीचा हात धरला आणि तडक निघून गेली. तेव्हापासून बोलत नाही. हे म्हणतात, सरळ अर्ज लिही की आमच्या पोराला वेड्यांच्या शाळेत पाठवू नका. अर्ज लिहिलाय, सोबत पाठवते, वहीच्या पानाचा फोटोही पाठवते. अर्ज बरोबर आहे का बघा. आणि नणंदेशी कसं बोलू तेही सांगा.
– एक आई, तुर्भे

उत्तर :

तुमच्या अर्जाची सुरुवात अशी आहे : ‘आमचा मुलगा मतिमंद नाही. तो नॉर्मल आहे. त्याला असल्या मुलांमध्ये बसवू नये.’ एवढा भाग काढून टाका. अर्ज द्या, ठणकावून द्या, मागे हटू नका, पण या तीन वाक्यांशिवाय द्या. का, ते जरा सविस्तर लिहिते. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, एक शाळेचा आणि एक नणंदेचा. मला ते दोन्ही एकच वाटतात.

आधी वही. तुम्ही पाठवलेलं पान मोठं करून नीट पाहिलं. वर श्रुतलेखन आहे, खाली फळ्यावरून उतरवलेला उतारा. श्रुतलेखनात जोडाक्षरं चुकलीत, ‘प्रकाश’चा ‘परकाश’ झालाय, पण प्रत्येक शब्द पूर्ण आहे, अक्षर गोलसर आणि ओळीत आहे. खालच्या उताऱ्यात ओळी मधेच तुटतात. तीन शब्द, मग मोकळी जागा, मग एकदम पुढच्या ओळीतले दोन शब्द. वर ऐकून ‘घर’ नीट लिहिणारं पोर खाली फळ्यावरून ‘धर’ लिहितं, ‘भात’चा ‘मात’ करतं. हे पाहून माझ्या मनात पहिली शंका आली ती डोळ्यांची. मी डॉक्टर नाही. पण वर्गावर असताना अशा वह्या पाहिल्या आहेत, आणि चष्मा लागल्यावर तीच वही कशी पालटते तेही पाहिलं आहे. तो कुठल्या बाकावर बसतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला विचारा. आणि बाकी काहीही करण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या, त्याबरोबर कानही. ‘विचारलं तर गप्प बसतो’ याचं कारण ऐकण्यात असू शकतं, भाषेतही असू शकतं. घरात वडारी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा मुलाला प्रश्न समजून उत्तर जुळवायला दोन क्षण जास्त लागतात. तेवढ्यात बाई पुढच्या मुलाकडे वळलेल्या असतात.

आता जे लिहिते ते वाचून तुमच्या पोटात गोळा येईल. डोळे चांगले निघाले, कान चांगले निघाले, आणि पुढच्या तपासणीत त्याला खरोखरच अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचणं-लिहिणं अडतं) किंवा बौद्धिक अक्षमता आहे असं निघालं, तर? मग बाई बरोबर ठरल्या का? मग ‘खाणीवरची पोरं अशीच असतात’ हे खरं झालं का? मग त्याचा त्या वर्गातल्या बाकावरचा हक्क गेला का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. तुमच्या अर्जाची अडचण अशी की तो ‘नॉर्मल’ ठरला तरच तुमचं म्हणणं टिकतं. उद्या एखादा कागद वेगळा आला, तर तुम्हीच लिहून दिलेलं वाक्य शाळा तुमच्यापुढे धरेल.

बाईंनी त्या दिवशी एका दमात दोन गोष्टी केल्या. एका मुलाच्या बुद्धीबद्दल निकाल दिला आणि त्याच निकालात अख्खी वस्ती बसवली. तिसरीतल्या पोराला फळा दिसतो का, हे तपासायला पाच मिनिटं लागली असती. ती न देता ‘यांच्यात मुळातच कमी आहे’ म्हटलं की शाळेवरची जबाबदारी संपते. ज्यांना मागे ठेवायचं त्यांच्या शरीरात किंवा डोक्यात खोट दाखवायची आणि मग मागे ठेवणं हीच त्यांची काळजी घेणं आहे असं सांगायचं, हे जगात फार ठिकाणी आणि फार काळ चाललेलं आहे.

अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं १८५१ साली लिहून ठेवलं की जो गुलाम पळून जातो त्याला एक मानसिक आजार झालेला असतो. आजाराला त्यानं ग्रीक वळणाचं भारदस्त नावही दिलं आणि उपायांमध्ये चाबूक सांगितला. माणूस पळतो तो मार आणि बंदिवासाला कंटाळून, ही उघड गोष्ट त्या नावाखाली गाडली गेली. १८७३ साली बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरानं मुलींना मुलांसारखं शिक्षण देऊ नये असं सांगितलं, कारण अभ्यासाच्या ताणानं त्यांचं गर्भाशय नीट वाढत नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मायच्या आधीच त्याच्यात खोट असल्याचं सरकारी कागदावर आलेलं. तो कायदा १९५२ साली गेला. तुमच्या वडार समाजाचं नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे ते याच इतिहासातून आलेलं आहे. आणि साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला गोणपाटावर वेगळं बसवायचे, तेव्हा कारण विटाळाचं सांगायचे. आज विटाळ म्हणायची सोय नाही. ‘डोकं चालत नाही’ म्हणायची अजून आहे.

शाळांचाच इतिहास बघा, तो तुमच्या जास्त कामाचा आहे. बुद्धीची चाचणी सगळ्यात आधी केली ती आल्फ्रेड बिने यांनी, १९०५ साली पॅरिसमध्ये. वर्गात मागे पडणारी मुलं कोणती ते लवकर कळावं आणि त्यांना जादा मदत मिळावी, एवढ्यासाठी. बुद्धी ही जन्मभर एकाच मापाची राहते असं समजू नका, हेही ते सांगत होते. पुढे ती चाचणी अमेरिकेत पोचली आणि तिचा वापर पालटला. हेन्री गॉडार्ड यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन, ज्यू, रशियन लोकांना चाचण्या दिल्या. लांबचा समुद्रप्रवास करून थकलेली, भाषा न येणारी, कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल न धरलेली माणसं. तपासलेल्यांपैकी पाचांतले चार जण मंदबुद्धी, असा निष्कर्ष निघाला. मदतीसाठी केलेलं साधन लोकांना दाराबाहेर ठेवायला वापरलं गेलं.

लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधून आलेल्या कुटुंबांची मुलं ‘शिक्षणात कमी’ म्हणून वेगळ्या शाळांत फार मोठ्या प्रमाणात पाठवली जात होती. बर्नार्ड कोर्ड या शिक्षकानं १९७१ साली ते उघड केलं. मुलांच्या घरची इंग्रजी वेगळी, घरचे अनुभव वेगळे, चाचणी मात्र लंडनच्या मध्यमवर्गीय मुलांसाठी बनवलेली. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी असाच खटला लढवला आणि १९७९ साली कोर्टानं या मुलांना अशा वर्गांत ढकलण्यासाठी बुद्ध्यंकाच्या चाचण्या वापरायला मनाई केली.

आणि चेक देशातलं ओस्त्राव्हा शहर. तिथल्या रोमा लोकांची गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगते. रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. युरोपभर ते आजही गावकुसाबाहेरचं आयुष्य जगतात. ओस्त्राव्हात रोमा मूल हलका अभ्यासक्रम असलेल्या स्पेशल शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. अठरा मुलांच्या वतीनं खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. २००६ साली ते हरले. पुन्हा दाद मागितली आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. सरकारचं म्हणणं होतं की आईबापांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या आहेत. न्यायालयानं ते मानलं नाही. ज्यांना पूर्ण माहितीच दिली नाही त्यांची सही म्हणजे संमती नव्हे, आणि भेदभाव सहन करायला कुणी सही देऊन टाकू शकत नाही. म्हणून सांगते, शाळेनं कुठलाही छापील कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. ‘घरी नेऊन वाचते’ म्हणा आणि घेऊन या.

हे सगळे लढे न्यायाचे होते. मुलं त्या वर्गांतून बाहेर निघाली, फार चांगलं झालं. पण एक गोष्ट मला सलत राहते. या लढ्यांत म्हणणं मुख्यतः हेच होतं की आमची मुलं मंदबुद्धी नाहीत. मग ज्या मुलांना खरोखर बौद्धिक अक्षमता होती, ती त्याच शाळांत राहिली. त्यांना तो हलका अभ्यासक्रम का, त्यांना वेगळ्या इमारतीत का कोंडायचं, हा त्या खटल्यांचा विषयच नव्हता. तुमच्या भाचीसारख्या मुली मागच्या मागे राहून गेल्या.

अन्यायाशी भांडणारी माणसं ही चूक पुष्कळदा करतात, मोठी माणसंही करतात. शिकागोला १८९३ साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं. विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले ती त्याच निमित्तानं भरली होती. त्या प्रदर्शनात बायकांच्या मताधिकाराची बाजू मांडणारं एक चित्र लावलं होतं. मधोमध फ्रान्सिस विलार्ड ही सुशिक्षित, प्रसिद्ध पुढारी. तिच्या भोवती मताचा हक्क नसलेली बाकीची माणसं : एक मंदबुद्धी माणूस, एक वेडा, एक कैदी, आणि अमेरिकेचा एक मूळ रहिवासी. चित्र बघणाऱ्याला म्हणत होतं, बघा, आमच्यासारख्या बाईला तुम्ही कुणाच्या रांगेत बसवलंत! मागणी रास्त होती. पण चित्रातल्या बाकीच्या चौघांना मत का नको, हे चित्र काढवून घेणाऱ्या बाईला विचारावंसं वाटलं नाही. रांग चुकीची आहे असं तिनं म्हटलंच नाही. ‘मला या रांगेतून बाहेर काढा’ एवढंच म्हटलं.

त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात तुम्ही भाचीकडे हात केलात, तेव्हा तुम्ही तेच चित्र काढलंत. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्या पोराचा अपमान झाला होता, जातीचा झाला होता, तुम्ही आई आहात. पण बाईंच्या हातात जी पट्टी होती तीच तुम्ही उचललीत आणि आपल्या माणसाच्या पाठीवर मारलीत. बाईंना ती खाली ठेवावीच लागली नाही.

अजून एक उदाहरण देते आणि हा विषय संपवते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कॅरी बक नावाची एक गरीब मुलगी होती. तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी, आणि तिचं तान्हं बाळही तसंच, असं ठरवून तिची सक्तीनं नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ साली परवानगी दिली. आठ न्यायाधीश बाजूनं, एक विरुद्ध. तेच बाळ पुढे शाळेच्या गुणवत्ता यादीत आलं. ही हकिकत ऐकून लोक हळहळतात की अरेरे, कॅरी मंदबुद्धी नव्हतीच! मला नेहमी विचारावंसं वाटतं, असती तर? तर ती शस्त्रक्रिया बरोबर ठरली असती? आपल्याच राज्यात १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता जमत नाही, हे कारण दिलं. महिला संघटना खवळून उठल्या. त्या मुलींना अक्षमता होती यात वाद नव्हता. तरीही ते चूकच होतं. ‘तसल्या’ मुलींचं काहीही केलं तरी चालतं, असं एकदा मान्य केलं की मग कुणाला ‘तसलं’ ठरवायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि ते ठरवणारे तुम्ही-मी नसतो.

तुमच्या घरात ‘वेड्यांची शाळा’ हे शब्द वापरले जातात, त्याबद्दलही बोलायला हवं. मी ठाण्यात राहते. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. शंभराहून जास्त वर्षं माणसं तिथे उपचाराला येतात, बरी होतात, घरी जातात, कामाला लागतात. पण मुंबईपासून कल्याणपर्यंत कुणाचं बोलणं मोडून काढायचं असलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, आणि पुढे त्या माणसाचं कुणी ऐकून घेत नाही. तुमच्या धाकट्याचं शाळेत नेमकं हेच झालं. तुमच्या यजमानांना समजावून सांगा की जे शब्द आपल्या पोराला लागले, ते आपण दुसऱ्याच्या पोराला लावायचे नाहीत. भाचीसमोर तर नाहीच नाही.

आता नणंद. अर्ज हातात घेऊन तिच्याकडे जाऊ नका. कामापुरती माफी मागितल्यासारखं होतं ते, आणि तिला ते लगेच कळेल. चौदा वर्षं तिनं दवाखान्यांत, लोकलमध्ये, लग्नकार्यांत असली वाक्यं ऐकलेली आहेत. तुमचं लागलं, कारण तुम्ही घरच्या. तेव्हा एकट्या जा आणि सरळ सांगा : ‘माझ्या पोराला वाचवायला मी तुझ्या पोरीला पुढे केलं. चुकलं माझं.’ राग आला होता, बाई असं बोलल्या, माझ्या तोंडून निघून गेलं, हे काही जोडू नका. ते तिला माहीत आहे, तीही तिथेच होती. ती लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. चहा नाही टाकला तरी वाईट वाटून घेऊ नका.

आणि भाचीचीही माफी मागा, तिच्या समोर बसून. मामीनं आपल्याकडे बोट केलं आणि आईनं आपल्याला ओढत बाहेर नेलं, हे चौदा वर्षांच्या मुलीला कळतं. डाउन सिंड्रोम असला तरी कळतं. ‘तिला कुठं काय समजतंय’ असं घरात कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. ‘तू देवाघरचं लेकरू आहेस’ वगैरेही नको, त्यानं तिला माणसांतून उठवून देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होतं. ‘मी तुला वाईट बोलले, पुन्हा बोलणार नाही’ एवढं साध्या शब्दांत सांगा.

तुमच्या लक्षात आलं नसेल, पण या सगळ्या कामात तुमच्या नात्यात सगळ्यात जाणती बाई तुमची नणंदच आहे. तपासणी कुठे होते, डॉक्टर काय विचारतात, प्रमाणपत्राला कागद कोणते लागतात, मुलाला न घाबरवता तिथे कसं न्यायचं, हे तिनं सगळं केलेलं आहे. गोष्टी निवळल्यावर, तिची इच्छा असली तर, तिला विचारा. आणि नवा अर्ज शाळेत देण्याआधी तिच्या घरी, भाचीच्या देखत, मोठ्यानं वाचून बघा. वाचताना कुठे अडखळलात, तर तेवढं वाक्य बदला.

अर्ज साधारण असा लिहा :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकतो. त्याला फळ्यावरील मजकूर उतरवताना व तोंडी उत्तरे देताना अडचण येते, असे वर्गशिक्षिकांनी सांगितले. आम्ही त्याच्या डोळ्यांची व कानांची तपासणी करून घेत आहोत. तोपर्यंत त्याला पहिल्या बाकावर बसवावे. त्याची घरची भाषा वडारी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे, त्याप्रमाणे त्याला मदत मिळावी. त्याला दुसऱ्या शाळेत पाठवण्याची सूचना कोणत्या तपासणीवरून व कोणत्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने केली, ते लेखी कळवावे. तपासणीत काहीही आढळले तरी त्याचा याच शाळेत शिकण्याचा हक्क कायम राहतो. अक्षमता आढळल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १६ नुसार त्याला लागणारी मदत शाळेने द्यावी. “खाणीवरची पोरं अशीच असतात” हे उद्गार सर्व वस्तीचा अपमान करणारे आहेत. अशी भाषा पुन्हा वापरली जाऊ नये.’

शेवटच्या दोन वाक्यांना घाबरू नका. मुलाला मानसिक त्रास देण्याची शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मनाई आहे आणि कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता आहेत, त्यांत बौद्धिक अक्षमता आहे आणि अध्ययन अक्षमताही आहे. ज्या मुलाची अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणित झालं आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि कुठे शिकायचं ही निवड त्याची आहे, शाळेची नाही. स्पेशल शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. चांगल्या आहेत, तिथे जीव लावून शिकवणारी माणसं आहेत. पण तिथे जायचं ते मुलाला उपयोग होणार म्हणून, इथून हाकललं म्हणून नव्हे.

वस्तीतल्या बाकीच्या दोन मुलांच्या आयांना भेटा. तिघींनी मिळून एकच अर्ज द्या, प्रत्येक मुलाची अडचण वेगळी लिहा. एकटीचा अर्ज म्हणजे ‘आईला पटत नाही’ असं होतं. तिघींचा आला की एकाच वस्तीतली तीन मुलं का निवडली, याचं उत्तर शाळेला द्यावं लागतं.

डोळे पालिकेच्या दवाखान्यात तपासून मिळतात. जाताना वहीचं हे पान न्या आणि डॉक्टरांना दोन्ही भाग दाखवा, वरचा आणि खालचा. डोळे आणि कान ठीक निघाले तर पुढची तपासणी बालविकासाच्या डॉक्टरांकडे. अध्ययन अक्षमतेसाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात वेगळा विभाग आहे. खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, ते तुम्हाला जवळ पडेल. चाचणीच्या वेळी घरची भाषा वडारी आहे हे पहिल्यांदा सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा, तिथेही दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. चष्म्याचा नंबर निघाला तर मला कळवा. नाही निघाला तरी कळवा, पुढच्या तपासणीबद्दल मग नीट लिहीन.